‘सिद्ध करा, राजीनामा देतो’: दक्षिण सोलापुरातल्या एका सरपंचाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सीनेच्या बाजूचं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. ज्या सदस्यांनी तक्रार केली त्यांना कागदपत्रांच्या कामात मी मदत करत होतो, त्यामुळे हे टिपण तटस्थ माणसाचं नाही हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

ग्रामपंचायत ११ सदस्यांची. सरपंच थेट जनतेतून निवडून आलेले, पण सदस्यांत त्यांच्या पॅनेलचे पाच आणि समोरच्यांचे सहा. गावात त्यांना सगळे ‘मालक’ म्हणतात. माणूस कामाचा, हे विरोधकही मान्य करतात. पाण्याची टाकी त्यांनीच पाठपुरावा करून आणली, कुणाचा दाखला अडला तर स्वतः फोन करतात. जिल्हा परिषदेच्या गटातून उभं राहायची तयारी सुरू होती आणि ती लपवलेलीही नव्हती.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असायचा, उरलेले ४० टक्के गाव आपल्या गरजेप्रमाणे वापरू शकायचं. भानगडी बहुतेक या ४० टक्क्यांत व्हायच्या, कारण त्यातून पेव्हर ब्लॉक बसायचे. इथंही शाळेच्या आवारात आणि मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं. ठेका ज्याच्या नावावर होता तो मालकांच्या मेव्हण्याचा भागीदार. काम झालं, मोजमाप पुस्तिका भरली, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीनं बिल निघालं.

बोभाटा झाला तो एका तरुण सदस्यामुळे. त्यानं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचे खर्च बघता बघता या कामाचं व्हाउचर पाहिलं आणि रक्कम गावातल्या एका गवंड्याला सांगितली. गवंडी हसला. दोघं संध्याकाळी शाळेत गेले. चेंबरच्या झाकणाजवळ कडेचा एक ब्लॉक सैल होता. गवंड्यानं थापीच्या टोकानं तो उचकटला, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. सहा सेंटिमीटर. मोजमाप पुस्तिकेत जाडी ८० मिलिमीटर लिहिली होती, हे नंतर कळलं. ब्लॉकखाली कच, म्हणजे खडीची भुकटी, अंथरायची, ती नव्हती. मुरमावरच ब्लॉक बसवले होते. शिवाय पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीमागची जागेची पट्टी बिलात धरलेली, प्रत्यक्षात तिथं गवत.

पेच

पुढच्या ग्रामसभेत विषय निघाला. सभा आमच्याकडं असते तशीच, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. तरुण सदस्यानं फोटो दाखवले, आरडाओरडा झाला. मालक उठले, माईक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, “एक रुपया खाल्ला असं सिद्ध करा, त्याच दिवशी राजीनामा देतो. आणि सिद्ध नाही झालं, तर आरोप करणाऱ्यांनी सिद्धेश्वराच्या पायरीवर नाक घासायचं.”

टाळ्या पडल्या. व्हिडिओ रात्रीपर्यंत तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ब्लॉकची जाडी त्या गडबडीत कुठल्या कुठं गेली.

या एका वाक्यात बरंच काही होतं. सभा सुरू झाली तेव्हा प्रश्न होता, ‘स्वयंपाकखोलीमागचे ब्लॉक कुठं आहेत?’ सभा संपली तेव्हा प्रश्न झाला, ‘मालकांनी पैसे खाल्ले का?’ पहिल्याचं उत्तर टेप लावून पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मिळायला फौजदारी खटला लागतो. वर, सिद्ध करायचं ते दुसऱ्यानं, कुणापुढं ते ठरलेलं नाही, कधीपर्यंत तेही नाही. आणि आरोप करणाऱ्यालाही डावावर काहीतरी लावावं लागलं. नाक घासायची भाषा आली की पाठीमागं उभी असलेली चार माणसं दोन पावलं मागं सरकतात. इथंही सहापैकी दोन सदस्य दुसऱ्या दिवशी म्हणाले, आमचं नाव पुढं घेऊ नका.

ही रीत गावची नाही, वरूनच झिरपत खाली आलेली आहे. राजीनाम्याचे जे प्रसंग लोकांच्या लक्षात आहेत, ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजलं की फसगत होते. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये रेल्वे अपघातानंतर दिलेला राजीनामा नेहरूंनी आधी स्वीकारला नव्हता. त्याच वर्षी अरियालूरला दुसरा अपघात झाला तेव्हा तो स्वीकारला गेला. तिथं ‘सिद्ध करा’ अशी अट नव्हती. मुख्यमंत्री अंतुले १९८२ मध्ये पदावरून गेले ते उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर. अडवाणींनी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. ती निवडणूक त्यांनी खरंच लढवली नाही आणि १९९८ मध्ये परतले. अजित पवारांनी सप्टेंबर २०१२ मध्ये सिंचनाच्या आरोपांवरून उपमुख्यमंत्रिपद सोडलं, श्वेतपत्रिका आली, आणि डिसेंबरमध्ये त्यांचा पुन्हा शपथविधी झाला. आर. आर. पाटील २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर गृहमंत्रिपदावरून गेले आणि २००९ ची निवडणूक झाल्यावर त्याच खात्यात परत आले.

यांतलं कोण खरं, कोण खोटं हे मला इथं ठरवायचं नाही. बघायचं एवढंच, की या सगळ्यांत पद खरंच सुटलं. मालकांच्या वाक्यात पद सुटत नव्हतं. राजीनाम्याचं पुण्य आधी खात्यात जमा, राजीनामा नंतर कधीतरी.

समोर कोणते पर्याय होते

सदस्य सोलापुरात आले, पंचायत समितीचं काम उरकून माझ्याकडं बसले. या तालुक्याचं तहसील आणि पंचायत समिती दोन्ही शहरातच असल्यामुळे असं येणं सोपं असतं. त्यांच्यातले वयानं मोठे एक काका होते, त्यांचं म्हणणं सरळ: पूनम गेटसमोर आंदोलन करायचं आणि तात्काळ राजीनामा मागायचा. सोलापुरात पूनम गेटला बसलं की पेपरात बातमी येते, हे खरं. पण राजीनामा मागितला की मालकांनी आखलेल्या मैदानातच उतरल्यासारखं होणार होतं. ते म्हणणार, मी कुठं नाही म्हणतो, सिद्ध करा.

अविश्वास ठरावाचं गणित जुळत नव्हतं. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि तो मंजूर झाला तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानानं गावाची मान्यता घ्यावी लागते. इथं नऊ मतं लागत होती. होती सहा, त्यातली दोन डळमळीत.

तिसरा रस्ता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ३९ चा. कर्तव्यात गैरवर्तन केलेल्या सरपंचाला विभागीय आयुक्त पदावरून काढू शकतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची चौकशी, सरपंचाला म्हणणं मांडायची संधी, मग अहवाल पुण्याला आयुक्तांकडे. वेळ लागतो. पण या कलमात एक गोष्ट आहे जी गावात कुणालाच माहीत नव्हती, आणि माझ्या मते प्रकरणाची किल्ली तीच होती. सरपंच आपणहून राजीनामा देऊन गेला, तर पोटनिवडणुकीला पुन्हा उभं राहायला त्या राजीनाम्यानं आडकाठी येत नाही. काढून टाकला गेला, तर उरलेल्या मुदतीत त्याला पुन्हा सरपंच होता येत नाही. म्हणजे चौकशी अंगाशी येऊ लागली की राजीनामा हा स्वस्तातला सौदा. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं: राजीनामा देऊन गेलेल्या माणसालाही, गैरवर्तन आढळलं तर, पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवायची तरतूद त्याच कलमात आहे.

कलम १४ खाली ठेक्यात हितसंबंध म्हणून अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता आला असता. मेव्हण्याचा भागीदार एवढ्यावर सरपंचाचा हितसंबंध शाबीत होत नाही, त्यामुळे तो विषय तिथंच सोडला.

राहिला शेवटचा पर्याय, जो तरुण सदस्यानंच सुचवला. “मालक म्हणतात ना सिद्ध करा? मग सिद्ध झालं कशाला म्हणायचं, ते ठरावात लिहून घेऊ.” काकांना ते पोरकट वाटलं. मला वाटलं नाही.

काय केलं

आधी माहिती अधिकारात अर्ज टाकला: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, काम पूर्णत्वाचा दाखला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत काही आलं नाही, पहिलं अपील केल्यावर झेरॉक्स मिळाल्या. जाडी ८० मिमी हे तिथं दिसलं.

मग ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या लागते. पहिल्या दिवशी मालकांची माणसं पारावर बसून राहिली, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं, हे विरोधी सदस्यांना माहीत होतं. पुढच्या सभेला ते आपली माणसं घेऊन वेळेवर हजर.

त्या सभेतला तासाभराचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रामसेवक म्हणाले, प्रोसिडिंगला ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली’ असं लिहितो. असं लिहिलं की विषय मेला. सदस्यांतल्या एक ताई, एरवी सभेत फारशा न बोलणाऱ्या, उठून ग्रामसेवकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मी सांगते तसं लिहा, मी इथंच उभी आहे.” त्यांनी घरून आणलेल्या कागदावरून वाचून दाखवलं: पंचायत समितीच्या उपअभियंत्यांनी ग्रामस्थांसमोर संयुक्त मोजणी करावी, मोजमाप पुस्तिकेपेक्षा काम कमी आढळल्यास सरपंचांनी सभेत दिलेल्या शब्दाप्रमाणे राजीनामा द्यावा, तो पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे लेखी द्यावा, सभापतिपद रिक्त असल्यास तिथला कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, आणि त्याची पोच पुढच्या ग्रामसभेत ठेवावी.

राजीनामा कुणाच्या नावे हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कायद्यानं सरपंचाचा राजीनामा सभापतीकडेच द्यावा लागतो. इतर कुणाच्याही हातात दिलेला कागद हा निव्वळ कागद.

मालक अध्यक्षस्थानी होते. स्वतःचाच व्हिडिओ फिरत असताना नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, ‘काम कमी आढळल्यास’ ऐवजी ‘सक्षम प्राधिकाऱ्यानं दोषी ठरवल्यास’. ती सदस्यांनी मान्य केली नाही, आणि बरोबर केलं. तेवढ्या शब्दांनी प्रकरण पाच वर्षं लांबलं असतं. दुसरी दुरुस्ती फार समजूतदार वाटणारी होती: “मोजणीत थोडंफार इकडं तिकडं होतंच. क्षेत्रफळात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर, असं करा.” काकांनाही ते रास्त वाटलं. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर.

‘क्षेत्रफळात’ हा शब्द त्या क्षणी कुणाला खटकला नाही.

निकाल

मोजणी झाली. टेप धरायला गावातली पोरं, उपअभियंते वहीत आकडे लिहितायत, मालक सावलीत खुर्ची टाकून बसलेले. स्वयंपाकखोलीमागची पट्टी नव्हती, पण ती तूट धरूनही क्षेत्रफळातला फरक दहा टक्क्यांच्या आतच बसला. जाडी मात्र उचकटलेल्या प्रत्येक ब्लॉकला ६० मिमी. पैशाच्या हिशेबानं मोठा फरक जाडीतला होता. ठरावाच्या हिशेबानं तो मोजायचाच नव्हता.

मालकांनी त्याच संध्याकाळी स्टेटस टाकलं: संयुक्त मोजणीत आरोप खोटे ठरले.

यानंतरची चाल मी तरी अपेक्षिली नव्हती. ठरावाप्रमाणे राजीनाम्याची गरज उरली नसताना मालकांनी ‘व्यथित होऊन’ राजीनामा दिला. कुणाकडं? पक्षाच्या नेत्याकडं, त्यांच्या बंगल्यावर, फोटोसकट. नेत्यांनी तो तिथल्या तिथं परत केला, जनतेनं दिलेलं पद असं सोडायचं नसतं असं म्हणाले. तीन दिवसांत वेशीवर डिजिटल बोर्ड लागला आणि मालकांचा सत्कार झाला. जो कागद स्वीकारायचा अधिकार त्या नेत्यांना नव्हताच, तो त्यांनी नाकारला होता.

इथं ताईंचा मुद्दा कामी आला. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी आरोप वगैरे काही केला नाही, फक्त विचारलं, “राजीनाम्याची पोच प्रोसिडिंगला जोडायची आहे, दाखवा.” पोच नव्हती. ग्रामसेवकांनी तसं लिहिलं. सत्काराला गेलेलेही काहीजण हसले, आणि मालकांच्या बाजूच्या एका सदस्यानं सभा संपल्यावर काकांना सांगितलं, हे मात्र शोभलं नाही.

कागदावर निकाल असा: जाडीच्या फरकाची वसुली ठेकेदाराकडून झाली, चलनानं रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात परत आली. मोजमाप लिहिणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला नोटीस गेली. रक्कम परत आली म्हणजे विषय संपला, असं मालकांचं म्हणणं; परत करावी लागली म्हणजेच जास्त उचलली होती, असं सदस्यांचं. कलम ३९ खालची तक्रार मोजणीच्या अहवालासह मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे दिली आहे. सरपंच पदावर आहेत. जिल्हा परिषदेचं तिकीट त्यांना मिळालं नाही. तरुण सदस्य ते या प्रकरणाचं फळ मानतो, पण गटाचं आरक्षणही बदललं होतं, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात उघड चूक ‘क्षेत्रफळात’ या शब्दाची. त्यामागचं कारण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. सदस्यांची सगळी सावधगिरी पहिल्या दुरुस्तीवर खर्च झाली. ती परतवून लावल्याच्या आनंदात दुसरी सोडून दिली, आणि मालकांनीही ती तडजोडीच्या सुरात मांडली होती. झेरॉक्स हातात होत्या, अंदाजपत्रकात जाडी, खालचा थर, क्षेत्रफळ असे वेगवेगळे रकाने होते. ‘अंदाजपत्रकातील कोणत्याही बाबीत’ एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं. गवंडी सभेला हजर होता, त्याला बोलावून विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं की पैसा जाडीत जातो. त्याला कुणी विचारलं नाही.

दुसरं, पहिल्या सभेतच मालकांच्या वाक्याला उत्तर द्यायला हवं होतं. टाळ्या पडल्यावर सदस्य गप्प बसले आणि ते वाक्य बराच काळ गावात एकटंच फिरत राहिलं. “राजीनामा नको मालक, आत्ता उठून शाळेत चला आणि टेप लावा,” एवढं कुणी म्हटलं असतं तर टाळ्यांची दिशा बदलली असती असं मला वाटतं. काका अजून पूनम गेटचं म्हणतात. आंदोलनानं वसुली झाली असती का? कदाचित लवकर झाली असती. पण त्यात प्रश्न पुन्हा माणसाचा झाला असता, ब्लॉकचा राहिला नसता.

कलम ३९ ची तक्रार मोजणीच्या आधीच द्यावी, असा माझा आग्रह होता. सदस्यांचं म्हणणं पडलं की आधी गावात मिटतंय का बघू, नाहीतर लोक म्हणतील यांना गावाची बदनामी करायची आहे. गावात राहायचं त्यांना, म्हणून त्यांचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. मात्र त्या काळात ग्रामसेवकांची बदली झाली आणि आता त्यांचा जबाब दुसऱ्या तालुक्यातून मागवावा लागतोय.

मालकांच्या बाजूनंही बघायला हवं. त्यांनी पहिल्याच सभेत ‘मोजू या, कमी निघालं तर ठेकेदाराकडून भरून घेतो’ म्हटलं असतं, तर हे प्रकरण वसुलीच्या चलनावर संपलं असतं आणि तक्रार करायला कुणी जिल्हा परिषदेपर्यंत गेलं नसतं. त्यांच्या जवळच्या एकानं मला हेच बोलून दाखवलं. मग तसं का केलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, “टाळ्या पडल्या ना ओ.”

सध्या तक्रार चौकशीसाठी जिल्हा परिषदेत आहे. सुनावणी लागली की मोजमाप पुस्तिकेची मूळ प्रत समोर आणायची मागणी करायची, असं सदस्यांनी ठरवलं आहे, कारण मिळालेल्या झेरॉक्सवर दोन पानांचे क्रमांक कापले गेले आहेत.